मास्तर होऊ घातलेले भाऊजी

जगातली शहाणी माणसं ज्या दारातून बाहेर पडत असतात, नेमक्या त्याच दारातून आमचे भाऊजी आत शिरत असतात. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. सगळ्यांनी फिल्मचे कॅमेरे माळ्यावर टाकले, तेव्हा ह्यांनी फिल्मचा कॅमेरा घेतला आणि घरातल्या एकुलत्या एक बाथरूमची डार्करूम केली. पंधरा दिवस त्या घरातली माणसं आंघोळीला लंडनमधल्या स्टॅनमोरहून आमच्याकडे पिनरला येत होती. त्यांच्या ओळखीतल्या यच्चयावत मराठी मंडळींनी गोगलगायींपुढे हात टेकून मागच्या बागेत भाजी लावायचा नाद सोडला, त्या उन्हाळ्यात भाऊजींनी मेथी, कोथिंबीर आणि दुधी लावला. गोगलगायींची त्या वर्षी दिवाळी झाली. तेव्हा रीडिंग गावातल्या आयटी कंपनीतली पक्की नोकरी सोडून, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, आपण माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक होणार असं जेव्हा त्यांनी जाहीर केलं, तेव्हा घरात आश्चर्य न वाटलेली एकटी मीच होते. आणि धास्तावलेलीही एकटी मीच.

कारण त्या दाराच्या आत मी होते. पिनरजवळच्या एका सरकारी शाळेत मी वीसेक वर्षं केमिस्ट्री शिकवते आहे. शिकवते असं म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात मी गेटवर पावसात उभी राहते, टाय नीट बांधायला सांगते, तोंडातलं च्युइंगगम थुंकायला लावते, बिघडलेल्या प्रिंटरसमोर रांगेत उभी राहते, आणि ह्या सगळ्यातून वेळ उरला तर आम्ल आणि अल्कली. नोव्हेंबर लागला की माझा आवाज बसतो तो ईस्टरला उठतो. आमच्याकडे शाळा सोडायची तर मेअखेर राजीनामा द्यावा लागतो. त्यामुळे दर मे महिन्यात मी नोकरी सोडते आणि दर जूनमध्ये पुढच्या वर्षाचं टाइमटेबल बघत बसते. आमचे हे तर आता "सोडलीस का?" असं विचारतसुद्धा नाहीत, सरळ "चहा टाकू का?" म्हणतात.

तर एका रविवारी भाऊजी बागेतला वाचलेला एकमेव दुधी घेऊन आले आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी बातमी फोडली. मी हातातली सुरी बाजूला ठेवली.

"अहो भाऊजी, आमच्या शाळेत गणिताचं कुणी टिकत नाही. गेल्या दोन वर्षांत अर्धं डिपार्टमेंट सोडून गेलं."

"म्हणजे व्हेकन्सी आहे!" भाऊजी म्हणाले.

"का गेलं ते विचारा ना."

"विचारतो नंतर. वहिनी, तुम्हाला एक सांगू का? मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातलं एकसुद्धा आज कुठे चालू नाही. सगळं रिप्लेस झालं. आणि आम्हाला आठवीत ज्या बाईंनी बीजगणित शिकवलं, त्यांचं शिकवलेलं अजून चालू आहे. एकदाही क्रॅश नाही."

मी दुधी चिरायला घेतला.

माझी जाऊ हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर आहे. ती मोजकंच बोलते आणि तेही माणूस गुंगीत जायच्या आधी उरकायचं असल्यासारखं. ती नवऱ्याला म्हणाली, "नीट लक्षात ठेव. माणसं झोपवणं माझं काम. तीस मुलांना जागं ठेवणं तुझं. घोटाळा करू नकोस." मग तिने अट घातली. दोन्ही मुली युनिव्हर्सिटीत, घर तिच्या एकटीच्या पगारावर ओढायचं, तेव्हा मुदत एकच वर्ष. वर्षात शिक्षक झाला तर झाला, नाहीतर मुकाट्याने परत रीडिंगचा रस्ता. भाऊजींनी ती मान्य केली. रीडिंगचा रस्ता म्हणजे रोज मोटरवेवर जाऊन-येऊन तीन तास. तो आठवला की त्यांची मान आपोआप दुखायला लागायची.

इथे शिक्षक व्हायचा सरळ रस्ता म्हणजे कॉलेजात जाऊन, फी भरून, वर्षभराचा कोर्स करायचा. भाऊजींनी अर्थातच आडवाट धरली. शाळेनेच पहिल्या दिवसापासून तुटपुंज्या पगारावर कामाला ठेवायचं, चार दिवस वर्ग घ्यायचे, पाचव्या दिवशी ट्रेनिंग. शाळेतलाच एक अनुभवी शिक्षक मेंटॉर म्हणून मागे उभा. आणि जूनमध्ये बाहेरून परीक्षक येऊन हा माणूस वर्गापुढे उभा राहायच्या लायकीचा आहे का ते ठरवणार. आहे म्हणाला तर क्यूटीएस, म्हणजे शिक्षकपणाचा शिक्का. नाही म्हणाला तर रामराम. म्हणजे पोहायला शिकवायचं ते खोल पाण्यात ढकलून, आणि बुडायला लागला की काठावरून मार्क द्यायचे. त्यात भाऊजींची दहावीची गुणपत्रिका इतक्या घरबदलांत कुठेतरी हरवली होती. तेव्हा ह्या इंजिनिअर माणसाला आधी सोळा वर्षांच्या मुलांच्या बरोबरीची गणिताची आणि इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. दुसऱ्या कुणी हा अपमान मानला असता. भाऊजींनी नवी कंपासपेटी घेतली, पेन्सिलींना टोकं केली, परीक्षेच्या सकाळी फोन करून माझ्याकडून "दही खाऊन जा" असा आशीर्वाद घेतला आणि आल्यावर प्रत्येक प्रश्न आम्हाला पुन्हा सोडवून दाखवला. एका गणिताला आमचे हे चुकले, तर त्यांना तिथेच बसवून ते समजेपर्यंत उठू दिलं नाही.

शाळा मिळाली हॅरोच्या बाजूची. त्यांची मेंटॉर होती बेथन नावाची एक वेल्श मुलगी, भाऊजींच्या थोरलीहून चार वर्षांनी मोठी. इथे शाळेत सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. पण गुरू तो गुरू, असं भाऊजींचं म्हणणं. ते तिला मॅडम म्हणायचे. ती मागच्या दाराने वर्गात शिरली रे शिरली की भाऊजी समीकरण अर्धं टाकायचे, मार्कर खाली ठेवायचे, बाजूला सरून हात बांधून उभे राहायचे आणि स्वतःची खुर्ची तिच्यापुढे करायचे. ती बिचारी लाल व्हायची. "प्लीज, मी आले तरी शिकवणं थांबवू नका," असं तिने पहिल्या आठवड्यात सांगितलं, दुसऱ्यात लिहून दिलं, तिसऱ्यात ती खिडकीतून वाकून बघायला लागली. मग भाऊजी खिडकीकडे बघून हात जोडायला लागले.

कंपनीतल्या सवयी तर त्यांनी टिफिनसारख्या बरोबर नेल्या होत्या. दर तासाच्या सुरुवातीला सगळ्या मुलांनी उभं राहून काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय ते सांगायचं. तीस मुलांचं सांगून होईपर्यंत घंटा व्हायची. अपूर्णांकांच्या एका तासाला त्यांनी इतक्या स्लाइड केल्या होत्या, की बेथन म्हणाली, ह्यातल्या तीन ठेवा आणि उरलेल्या पुढच्या वर्षी वापरा. ट्रेनिंगमध्ये जे जे शिकवायचे त्याचा सराव आमच्या डायनिंग टेबलवर व्हायचा. आमच्या ह्यांना आमटी हवी असली तर हात वर करावा लागे, आणि हात वर केला तरी भाऊजी मुद्दाम ज्याने हात वर केला नाही त्यालाच विचारायचे. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीला तर कमालच झाली. आरतीची वेळ झाली तरी हॉलमध्ये बाजार भरला होता. कुणी मॉर्गेजवर बोलत होतं, कुणी साड्यांवर. भाऊजी पुढे झाले, एक हात वर केला आणि मोठ्याने उलटे आकडे मोजायला लागले. "फाइव्ह, फोर, थ्री..." दोनपर्यंत यायच्या आत अध्यक्षांसकट सगळा हॉल गप्प. एक म्हातारे डॉक्टर तर चटकन रांगेत जाऊन उभे राहिले. "बघा वहिनी, चालतंय!" भाऊजी माझ्या कानाशी म्हणाले. त्यांच्या वर्गात तेच आकडे मोजताना मुलं मात्र "टू, वन, हॅपी न्यू इयर!" म्हणून ओरडायची, हे त्यांनी मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

नोव्हेंबरात घोडं अडलं. त्या महिन्यात आम्हा जुन्या खोडांची पानं गळतात, मग नव्या रोपाचं काय? चार वाजता अंधार, रोज पाऊस, आणि शेवटच्या तासाला इयर नाइनच्या, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या, गणितात कच्च्या मुलांचा तळाचा वर्ग. त्या वर्गात शॅनन नावाची एक मुलगी होती. ती रोज पेनशिवाय यायची. आता पेन नाही म्हटल्यावर आमच्यासारखा मुरलेला शिक्षक मुकाट्याने एक पेन देतो आणि ते परत येणार नाही हे गृहीत धरतो. भाऊजी कंपनीतून आलेले. तिथे काही बिघडलं की मुळापर्यंत जायची त्यांची एक पद्धत होती: पाच वेळा "का" विचारायचं, पाचव्या उत्तराशी खरं कारण सापडतं. त्यांनी सगळ्या वर्गासमोर ती पद्धत चालवली. पेन का नाही? हरवलं. का हरवलं? पेन्सिलकेस नाही म्हणून. पेन्सिलकेस का नाही? बॅगेत राहिली. बॅग का आणली नाही? बॅग डॅडकडे आहे.

"मग डॅडकडून का आणत नाहीस?" भाऊजींनी उत्साहाने पाचवा "का" टाकला.

"कारण तिकडे आता जायचं नाही आम्हाला," ती म्हणाली.

वर्ग एकदम गप्प झाला. आकडे न मोजता झालेली ती त्यांच्या वर्गातली पहिली शांतता. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे आले, कोट न काढता बसले आणि म्हणाले, "वहिनी, पद्धत बरोबर होती हो. मूळ कारण सापडलं." मला त्यांची फार दया आली आणि मनापासून रागही आला. दोन्ही एकदम येतं कधीकधी.

त्या दिवसापासून शॅनन त्यांच्याशी बोलेना. उद्धटपणा नाही, गोंधळ नाही. हजेरीला मान हलवायची, बस. भाऊजी रोज तास सुरू व्हायच्या आधी तिच्या बाकावर एक नवं निळं पेन ठेवायचे. ती ते बोटाने कडेला सरकवायची आणि शेजारणीची पेन्सिल मागून घ्यायची. तास संपला की पेन तिथेच. "सरळ सॉरी म्हणा ना तिला," मी म्हटलं. तर ट्रेनिंगमध्ये कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की शिक्षकाने वर्गासमोर नमतं घेतलं की वर्ग हातचा जातो. भाऊजी गुरुवचन मोडणारे नव्हेत. ते योग्य मुहूर्ताची वाट बघत राहिले, आणि मुहूर्त त्यांना सापडला तो आपल्या कालनिर्णयात. जानेवारीची संक्रांत.

आमच्या मंडळाचं हळदीकुंकू त्या शनिवारी होतं, म्हणून मी आधीच तिळाचे लाडू वळून आइस्क्रीमच्या मोठ्या डब्यात भरून ठेवले होते. संक्रांतीच्या सकाळी मी नेहमीसारखी सातलाच शाळेत गेले होते. भाऊजी शाळेच्या वाटेवर आमच्याकडे डोकावले आणि ह्यांना म्हणाले, "दादा, एक डबा नेऊ का?" ह्यांनी "ने ने" म्हटलं. नवऱ्यांना घरातल्या डब्यांबद्दल एवढंच ज्ञान असतं. मी घरी असते तर पुढचं काही घडलंच नसतं, कारण इथल्या शाळेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी जी गोष्ट सांगता येते, ती भाऊजींच्या डोक्यात शिरलीच नव्हती. आमच्या शाळांच्या फाटकावरच पाटी असते: आत शेंगदाणे, काजू, बदाम आणायचे नाहीत. दाण्याच्या कणाने श्वास कोंडणारी मुलं प्रत्येक वर्गात एकदोन असतातच.

झालं ते असं. भाऊजींनी फळा कोरा ठेवला आणि वर्गाला सांगितलं की आज आमच्याकडे सण आहे. ज्याच्याशी आपण वाईट बोललो त्याला आज हे द्यायचं आणि म्हणायचं, हे घे, आणि आपण गोड बोलू या. "मी नोव्हेंबरमध्ये ह्या वर्गात वाईट बोललो. एका व्यक्तीला जे विचारायला नको होतं ते सगळ्यांसमोर विचारलं. आय ॲम सॉरी." मग डबा घेऊन ते थेट शॅननच्या बाकाशी गेले. तिने लाडवाकडे पाहिलं, भाऊजींकडे पाहिलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"सर, ह्यात नट्स आहेत का?"

ती बोलली ह्याचाच भाऊजींना इतका आनंद झाला, की त्यांनी छाती फुगवून उत्तर दिलं, "येस! प्लेंटी!"

आता आपल्याकडे लाडवात दाण्याचं कूट कमी पडलं तर यजमानीणबाईंना वर्षभर नावं ठेवतात. कुणी "दाणे आहेत का?" विचारलं तर त्याचा अर्थ आपल्या लेखी एकच, की हात आखडता तर घेतला नाही ना? भाऊजींनी माझी अब्रू राखली होती. पण वर्ग मात्र बॉम्ब पडल्यासारखा मागे सरकला. दोन मुलं आपापली ॲलर्जीवरची इंजेक्शनं हातात घेऊन दाराकडे पळाली. बेथन खिडकीतून आत आल्यासारखी आली. तेवढ्यात ऑफिसमधून कुणी विचारलं की अजून काय आहे ह्यात, तर भाऊजींनी प्रामाणिकपणे तीळ सांगितले. तीळही त्या बंदीच्या यादीत! म्हणजे माझ्या लाडवात गूळ तेवढा निरपराध होता. सगळ्या वर्गाला हॉलमध्ये नेलं, हात धुवायला लावले, बाकं पुसली, घरोघरी फोन गेले. कुणी एक कणही खाल्ला नव्हता, कुणाला काही झालं नाही. मुलांचा गणिताचा तास बुडाला, त्यामुळे भाऊजी शाळेत एका दिवसात लोकप्रिय झाले. पण डेप्युटी हेडनी त्यांना समोर बसवून सांगितलं की ह्यापुढे सहा आठवडे रोज कुणी ना कुणी मागे बसून त्यांचा वर्ग बघेल, आणि सुधारणा दिसली नाही तर जूनमध्ये शाळा त्यांना परीक्षकापुढे उभंच करणार नाही.

संध्याकाळी ते माझा डबा परत द्यायला आले. घासूनपुसून इतका लख्ख केला होता की मला वाटलं नवाच आणला. "कानाला खडा, वहिनी," म्हणाले. मग म्हणाले, "सोडून देऊ का हो? कंपनीवाले अजून परत घेतील."

हे वाक्य ऐकायला मी सप्टेंबरपासून टपलेली होते. जिभेवर "सोडा" आलंही होतं. त्या दिवशी मी स्वतः पाच तास घेऊन, दोन मुलांची मारामारी सोडवून आणि एका आईचं तासभर बोलणं ऐकून घेऊन आले होते. घसा फाटला होता. समोर माझ्यासारखाच दमलेला एक माणूस, फरक एवढाच की त्याला अजून पळून जायची मुभा होती. पण भाऊजी मध्येच मान वर करून म्हणाले, "पण वहिनी, ती बोलली." आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला माझी लाज नाही, पण त्यांचा हेवा मात्र वाटला. वीस वर्षांत एखादं मूल बोललं म्हणून माझा चेहरा असा कधी झाला होता, ते आठवायला लागले आणि आठवेना.

मग मी लष्करच्या भाकऱ्या भाजायला घेतल्या. दर शनिवारी भाऊजी आमच्याकडे. एका टोकाला मी माझ्या वह्या तपासतेय, दुसऱ्या टोकाला ते सोमवारचा तास मांडताहेत. "स्लाइड तीन. चौथी दिसली तर चहा नाही. उभं राहून स्टेटस सांगणं बंद. बेथन आली तर तिला भिंत समजा. आणि 'का' विचारायचं ते फक्त गणिताबद्दल. माणसाबद्दल वर्गात कधीच नाही." भाऊजी शहाण्या मुलासारखं सगळं ऐकायचे. हळूहळू मागे बसून बघणारे रोजचे एक दिवसाआड झाले, मग आठवड्याने यायला लागले. एप्रिलात बेथन वर्गात आली आणि भाऊजींनी समीकरण पुरं केलं, तेव्हा तिने म्हणे बाहेर जाऊन टाळ्या वाजवल्या. एक गोष्ट मात्र त्यांनी माझं न ऐकता चालू ठेवली. शॅननच्या बाकावर रोज एक निळं पेन. ती आता तुटक का होईना बोलायची, पण पेनाला हात लावायची नाही.

परीक्षक आले ते जूनच्या भर उकाड्यात, शेवटच्या तासाला, आणि नेमका तोच तळाचा वर्ग. माझं सगळं लक्ष त्या दिवशी घड्याळाकडे. माझ्या वर्गातल्या मुलांनी कॉपर सल्फेटऐवजी काय काय तापवलं ते मी पाहिलंच नाही. शाळा सुटल्यावर मी बीकर धूत होते तेव्हा फोन वाजला.

"वहिनी, तिने पेन घेतलं!"

"कुणी? अहो, परीक्षक काय म्हणाले?"

"मी बाजूने जात होतो, तर तिने ते उचललं आणि लिहायला लागली. मी काही बोललोच नाही. पुढे गेलो. तास संपल्यावर खिशात घालून घेऊन गेली."

"भाऊजी! निकाल!"

"हां, तो पण झाला. क्यूटीएससाठी शिफारस करतो म्हणाले. वहिनी, पण पेन..."

ओल्या हातात फोन धरून मी तिथेच स्टुलावर बसले आणि जरा रडले. शेवटी त्यांचं घोडं गंगेत न्हालं. मी मात्र मेअखेर नेहमीप्रमाणे मनातल्या मनात राजीनामा दिला होता आणि पुढच्या वर्षाचं टाइमटेबल माझ्या पुढ्यातच पडलं होतं.

सप्टेंबरपासून भाऊजी त्याच शाळेत पुरते मास्तर झाले. स्वतःचा वर्ग, स्वतःची किल्ली. आता ह्या गोष्टीचा मला आनंदच व्हायला हवा, आणि होतोही. पण तेव्हापासून भाऊजी बघता बघता आमच्यासारखे झाले. मार्कर कुलपात ठेवायला लागले. उभ्याउभ्या सँडविच खायला लागले. भेटलं की "हाफ टर्मच्या सुट्टीला किती आठवडे राहिले?" हे पहिलं वाक्य. आमच्या ह्यांनी मुद्दाम हात वर करून आमटी मागितली, तर भाऊजींनी न बघताच भांडं पुढे सरकवलं. त्या वर्षीच्या गणपतीत हॉलमध्ये पुन्हा बाजार भरला, पण आकडे मोजायला कुणी पुढे आलं नाही. भाऊजी मागच्या रांगेत डोळे मिटून बसले होते. लोकांना भक्ती वाटली. मला ठाऊक होतं ते काय आहे. आपल्याच माणसाने आपल्या दारातून आत यावं म्हणून मी हात दिला, आणि तो आत आल्यावर बाहेरचा तो वेडा माणूस मला आठवत राहिला.

परवा पुन्हा संक्रांत झाली. जावेची हॉस्पिटलातली ड्यूटी होती, ती सुटून येईपर्यंत भाऊजी शाळेतून परस्पर आमच्याकडे आले. बाहेर पाच वाजताच काळोख. कोचावर बसले, बॅग पायाशी, कोट अंगात. मी हातावर लाडू ठेवला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला. काय म्हणते शाळा?"

"चाललंय," ते म्हणाले. "पाच आठवडे अजून." मग लाडवाकडे बघून त्यांना काहीतरी आठवलं. "आज चौथ्या तासाला दारातून डोकं आत आलं. शॅनन. आता माझ्या वर्गात नाही ती, दुसऱ्या सरांकडे आहे. म्हणाली, 'सर, धिस इयर नो नट्स?' मी म्हटलं, नो नट्स. 'शेम,' म्हणाली, म्हणजे अरेरे, आणि गेली."

"तिने तारीख लक्षात ठेवली?" मी विचारलं.

"हो ना. मला तर तेच... वहिनी, मी काय म्हणतो..."

ते काय म्हणतात ते मला कळलं नाही. मी चहा घेऊन आले तर मान एका बाजूला पडली होती, तोंड किंचित उघडं, आणि लाडू मुठीत तसाच. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अशीच, बूटही न काढता, झोपायची. थोड्या वेळाने जाऊ आली. तिने दारातूनच नवऱ्याकडे डॉक्टरच्या नजरेने पाहिलं, श्वास मोजल्यासारखी क्षणभर थांबली आणि हळूच म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी माणसं झोपवते. अशी झोप औषधाने नाही हो येत."

त्यांना उठवायचा आम्हा दोघींनाही धीर झाला नाही. स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन आम्ही चहा प्यायलो आणि त्यांची झोप मोडू नये म्हणून अगदी हलक्या आवाजात गप्पा मारत बसलो. सबंध वर्षात मी कुणाशी इतकं गोड बोलले नव्हते.